सहा गुणांची कविता

२१ फेब्रुवारी २०२३. बारावीचा पहिला पेपर, इंग्रजीचा. पोरं कवितेच्या प्रश्नापर्यंत आली आणि अडकली. ए-३, ए-४, ए-५ या तीन उपप्रश्नांच्या जागी प्रश्नच नव्हते. कुठे उत्तर छापलेलं, कुठे परीक्षकांसाठीची सूचना. राज्यभर एकच गोंधळ. शेवटी मंडळाने चूक मान्य केली आणि सहा गुण द्यायचं ठरवलं.

लोक चिडले छपाईवर. मी चिडलो दुसऱ्याच गोष्टीवर.

हे तीन उपप्रश्न एरवी कसले असतात, ठाऊक आहे? एक, या ओळी वाचून तुला काय वाटतं ते सांग. दोन, कवीने भाषेचं काय केलंय ते ओळख. तीन, तू स्वतः दोन ओळी रचून दाखव. ऐंशी गुणांच्या पेपरात पोराला स्वतःचं डोकं आणि स्वतःचं मन वापरायला लावणाऱ्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. नेमक्या त्याच जागा कोऱ्या निघाल्या.

त्या दिवशी पेपर सुटल्यावर भंडाऱ्यातल्या एका केंद्राबाहेर मी उभा होतो. प्रत्येक पोरगा विचारत होता, गुण मिळतील का? कविता कोणती होती, हे एकानेही सांगितलं नाही.

दोन वर्षं शिकून?

आधी पुस्तकाबद्दल बोलू, कारण सगळा राग पुस्तकावर काढायची आपल्याला सवय आहे. बालभारतीचं बारावीचं इंग्रजी युवकभारती उघडा. आर. के. नारायण आहेत, ओ. हेन्री आहे, व्हर्जिनिया वुल्फ आहे. कवितांमध्ये व्हिटमन, बायरन, सरोजिनी नायडू, दिलीप चित्रे, अरुणाचलच्या ममंग दाई. कादंबरीच्या विभागात ज्यूल व्हर्न आणि शेरलॉक होम्स. अकरावीला शेक्सपिअर आणि इब्सेन. बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. सतराव्या वर्षी एवढी मंडळी घरी चालत येतात, ते भाग्य समजायला हवं.

आणि आपण त्यांना दारातच उभं करतो. आत बोलावतो गाईडला.

गुणांची वाटणी बघा. गद्य ३४, कविता १४, लेखनकौशल्य १६, कादंबरी १६, वर तोंडी परीक्षेचे २०. कवितेच्या १४ पैकी ४ गुण 'अप्रिसिएशन'चे. म्हणजे रसग्रहण. त्याचे मुद्दे ठरलेले: कवी नि शीर्षक, विषय, भाषा नि अलंकार, संदेश, स्वतःचं मत. हे मुद्दे मुळात वाईट नाहीत. नवख्याला धरायला कठडा म्हणून ठीकच आहेत.

पण आपण कठड्यालाच जिना समजलो.

माझी भाची मोहाडीला राहते, बारावीत आहे. तिची वही पाहिली. आठ कविता, आठ अप्रिसिएशनं, आणि शेवटची चार वाक्यं आठही ठिकाणी तीच. कविता साधी आणि अर्थपूर्ण आहे. कवीने सोपी भाषा वापरली आहे. कवितेतून मोलाचा संदेश मिळतो. मला कविता खूप आवडली. बायरनची सुंदरी, साउदीचा चाचा आणि चित्र्यांचा थकलेला बाप, तिघांकडूनही तिला तोच मोलाचा संदेश मिळालेला.

"खरंच आवडली का गं?" मी विचारलं.

"मामा, तसं लिहायचं असतं."

सतरा वर्षांच्या पोरीला न आवडलेली गोष्ट आवडली म्हणून लिहायला आपण शिकवतो. आठ वेळा. शाईने. आणि त्याला साहित्याचा अभ्यास म्हणतो.

एखाद्या पोराने लिहिलं की ही कविता मला कंटाळवाणी वाटली, आणि का वाटली ते चार ओळींत नीट सांगितलं, तर ते रसग्रहण नाही का? कुठल्या गाईडात आहे असं उत्तर? मला दाखवा, मी ते गाईड विकत घेतो.

आता चित्र्यांचंच घ्या. 'फादर रिटर्निंग होम' लिहिणारे दिलीप चित्रे म्हणजे मराठीचे मोठे कवी. तुकारामांचे अभंग 'सेज तुका' म्हणून इंग्रजीत नेणारा माणूस. मुंबईच्या लोकलमधून रात्री परतणारा एकटा म्हातारा बाप त्यांनी लिहिला. भंडाऱ्यातली किती तरी पोरं असा बाप रोज पाहतात. पहाटे वरठीच्या स्टेशनवर नागपूरची गाडी पकडणारा, रात्री डबा रिकामा करून येणारा, घरी कुणाशी फारसं न बोलणारा. वर्गात एकदा तरी विचारतात का, तुझा बाप घरी आल्यावर पहिलं काय करतो?

नाही विचारत. त्यात कुठला अलंकार आहे ते विचारतात.

वरठी निघालंच आहे तर आणखी एक. ज्यूल व्हर्नचा फिलिअस फॉग ऐंशी दिवसांत जग फिरायला निघाला तो १८७२ साली. मुंबईहून कलकत्त्याला गेला अलाहाबादच्या वाटेने. मध्ये रूळ संपले म्हणून हत्ती विकत घेतला. नागपूरपर्यंत तेव्हा गाडी आली होती, पुढे नव्हती. पुढची लाइन पूर्ण असती तर फॉगसाहेब आपल्या वरठीवरूनच गेले असते! हे एवढं एक वाक्य वर्गात सांगा आणि मागच्या बाकावरची मान वर होते की नाही बघा. वरठीचं भंडारा रोड स्टेशन सगळ्यांचं पाहिलेलं आहे. कादंबरी तिथून सुरू करायला काय हरकत आहे?

'द साइन ऑफ फोर'मधला खजिना आग्र्याचा. १८५७ च्या धामधुमीत एका राजाच्या माणसाचा खून करून लुटलेला. इतिहासाच्या तासाला १८५७ वेगळं, इंग्रजीच्या तासाला होम्स वेगळा. तो खजिना कुणाचा होता, हा प्रश्न आपल्या पोरांनी नाही विचारायचा तर कुणी?

जाऊ द्या. मला आज विणकरांबद्दल बोलायचंय.

सरोजिनी नायडूंची 'इंडियन वीव्हर्स' बारावीला आहे. 'द गोल्डन थ्रेशोल्ड' या १९०५ च्या संग्रहातली. तीन कडवी. पहाटे विणतात ते तान्ह्या बाळाचं कापड, रात्र पडताना विणतात ते लग्नाचं वस्त्र, आणि थंड चांदण्यात विणतात ते प्रेताचं. प्रत्येक वेळी कुणीतरी विणकरांना विचारतं, तुम्ही काय विणताय? गाईडात लिहिलंय: आयुष्याच्या तीन अवस्था. जन्म, तारुण्य, मृत्यू. पाठ करा, लिहा, संपलं.

ही कविता मोहाडी तालुक्यात शिकवली जाते. त्याच तालुक्यात आंधळगाव आहे. कोसा रेशमाचं गाव. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर आळ्या पोसायच्या, ते काम पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडचे ढिवर करतात. त्या कोशांचं सूत निघतं, मागावर चढतं आणि करवतकाठी साडी उतरते. काठ करवतीच्या दातांसारखा, अंगात आणि काठात धोटे वेगवेगळे. या साडीला भौगोलिक मानांकनही मिळालंय. सरकारने ओळखलं, दिल्लीच्या प्रदर्शनांनी ओळखलं.

बारावीच्या इंग्रजीच्या तासाने अजून ओळखलेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत भाचीला गाडीवर मागे बसवलं आणि आंधळगावला नेलं. ओळखीतून एका घरी गेलो. पुढच्या खोलीत माग, खोली त्यानेच भरलेली. एक म्हातारबुवा खड्ड्यात पाय सोडून बसलेले, हात चालू. धोटा इकडून तिकडे, फणी ठोकली, पुन्हा धोटा. बाजूला त्यांची बायको रहाटावर कांड्या भरत होती. बोलताना दोघांचेही हात थांबले नाहीत. पोरगी बराच वेळ नुसती बघत राहिली.

मग मी म्हटलं, कविता सांग त्यांना.

ती गांगरली. इंग्रजीत सांगू?

तुला येते त्या बोलीत सांग.

आणि तिने सांगितली. गाईडाचं मराठी बाजूला ठेवून, घरी बोलते तसं. पहाटे लेकराचं, राती लग्नाचं, आन चांदन्यात मैताचं. म्हातारबुवांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लेकरासाठी कोन कोसा घेते बाई? आन मैताले बजारातलं मिलचं कापड आनते लोक. आमचं लग्नाचं तेवढं रायलं. राती तर बसवतच नाई आता, डोये साथ नाई देत."

तीन कडव्यांपैकी दोन त्यांनी धोटा न थांबवता खोडून टाकली.

मग विचारलं, "त्या बाईनं मजुरी नाई इचारली का जी?"

मी आजवर या कवितेवर जे काही वाचलंय, त्यात हा प्रश्न कुठेही भेटलेला नाही. भाचीने वही काढली आणि तिथेच लिहून घेतला.

समीक्षा म्हणजे दुसरं काय असतं हो?

कुणी म्हणेल, शिक्षकांना कुठे एवढा वेळ? मान्य. वर्गात ऐंशी-ऐंशी पोरं, तेही मान्य. पण ऐंशी पोरांत एकाचा तरी आजा विणकर असतो, एकाची आई विडी वळते, एकाचा बाप चिखल्याच्या किंवा डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणीत उतरतो. त्यांना उठून बोलायला सांगायला किती मिनिटं लागतात? पोरांना कुठेही न्यायची गरज नाही. आंधळगाव वर्गातच बसलेलं असतं.

अकरावीकडे या. इब्सेनचं 'अॅन एनिमी ऑफ द पीपल'. १८८२ चं नॉर्वेजियन नाटक. एका गावात औषधी पाण्याचे हौद आहेत, त्यावर गावाची कमाई. डॉक्टर स्टॉकमन शोधून काढतो की चामड्याच्या कारखान्यांची घाण त्या पाण्यात उतरतेय. त्याला वाटतं, गाव आपले आभार मानेल. त्याचा सख्खा भाऊ नगराध्यक्ष, तो म्हणतो गप्प बस. वर्तमानपत्र आधी बाजूने, मग विरोधात. शेवटी भर सभेत गाव त्यालाच लोकशत्रू ठरवतं. सत्यजित राय यांनी १९८९ मध्ये यावर 'गणशत्रू' केला. हौदाच्या जागी देवळाचं तीर्थ आलं, बाकी गोष्ट जशीच्या तशी बसली.

आता भंडाऱ्याचा नकाशा काढा.

नागपूरचं सांडपाणी नाग नदीत. नाग जाते कन्हानमध्ये. कन्हान वैनगंगेत. पुढे गोसीखुर्दचं धरण. १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झालेलं. धरणात पाणी अडलं की फुगवटा मागे भंडाऱ्यापर्यंत येतो. पूर्वी वाहती असलेली नदी आता साचून राहते. पाण्याला रंग येतो, वास येतो, वर्तमानपत्रात बातमी येते, निवेदन दिलं जातं, आणि घरोघर वीस लिटरचा कॅन येतो. पवनीच्या खाली मासे धरणाऱ्यांना विचारा, जाळ्यात काय येतं.

हे नाटक या जिल्ह्यात शिकवताना वर्गात आग लागायला हवी. इथल्या प्रत्येक पोराने ते पाणी प्यायलंय, किंवा ते टाळायला पैसे मोजलेत. आणि आपण काय विचारतो? 'डॉ. स्टॉकमनचं स्वभावचित्र लिहा.' प्रामाणिक, धाडसी, सत्यप्रिय. तीन विशेषणं, गुण मिळाले. पुढचा प्रश्न.

मला वर्गात एकच प्रश्न ऐकायचाय: आपल्याकडे स्टॉकमन कोण आहे, आणि आपण त्याच्या सभेत कुठल्या बाजूला बसलो असतो?

शेक्सपिअरचं तर विचारूच नका. 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' म्हटलं की परी, जादूचा रस आणि प्रेमाचे घोळ एवढंच सांगितलं जातं. पण त्या नाटकात आणखी एक टोळकं आहे. बॉटम विणकर. क्विन्स सुतार. स्नाउट कल्हईवाला. स्टार्व्हलिंग शिंपी. दिवसभर हाताने काम करणारी माणसं, सरदाराच्या लग्नासाठी नाटक बसवतात. तालीम कुठे? गावाबाहेरच्या झाडीत. त्यांची काळजी एवढीच, की सिंह पाहून बायका घाबरतील. म्हणून सिंहाने आधीच सांगून टाकायचं, मी सिंह नाही, मी अमुक मिस्त्री.

हे कुठे पाहिलंय आपण?

झाडीपट्टीत राहून हा प्रश्न पडावा?

धानकापणी उरकली, दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावची जत्रा, सुरू होते. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. वडशाच्या नाटक कंपन्या येतात, मांडव पडतो, थंडीत घोंगडी घेऊन अख्खं गाव बसतं ते पहाटेपर्यंत. दंडार, खडीगंमत गावचीच माणसं करतात. शेतात राबणारा राजा होतो, मिस्त्री खलनायक होतो. या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. शेक्सपिअरने विणकर-सुतारांचं नाटक लिहिलं, आणि आपल्याकडे विणकर-सुतार नाटक करतात. अकरावीतल्या पोराच्या घोंगडीला अजून मंडईचा धुरकट वास असतो. त्याला बॉटम समजावून सांगावा लागत नाही, त्याची ओळख करून द्यावी लागते.

तरी गाईड म्हणतं, बॉटम हे विनोदी पात्र आहे. लिहा.

एकोणिसाव्या शतकातल्या पोरांनी हेच इंग्रजी साहित्य वाचलं आणि काय केलं ते आठवा. अकोल्यात शिकलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं, १८८३ मध्ये. देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंजारराव' केला. गाईड नव्हतं, यूट्यूब नव्हतं, इंग्रजी त्यांना आपल्याहून जास्त परकं होतं. त्यांनी ते घरी आणलं, त्याला मराठी कपडे घातले, आपल्या माणसांसमोर उभं केलं. वाचलेलं आपल्या गावात आणून बघायचं असतं, एवढं त्यांना कळत होतं.

बाबासाहेबांचा 'पिलर्स ऑफ डेमोक्रसी' हा धडा अकरावीला आहे. हेच बाबासाहेब १९५४ साली भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. घटना लिहिणाऱ्या माणसाला याच मातीने मतं कमी दिली. धडा शिकवताना हे सांगितलं जातं का? मी दहा-बारा पोरांना विचारलं. एकाला माहीत होतं, तेही घरून.

आता मूळ दुखण्यावर येऊ. विज्ञान शाखेच्या पोरांचं नाव इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात असतं आणि पोरं असतात नागपूरच्या शिकवणीत. नीटला इंग्रजी नाही, जेईईला नाही, सीईटीच्या इंजिनीअरिंगच्या गटालाही नाही. मग इंग्रजीचा तास कुणासाठी? वर्ग रिकामे, हजेरी भरलेली, आणि जानेवारीत पंधरा दिवस 'इंग्लिश क्रॅश कोर्स'. आठ कविता चार दिवसांत. पुढच्या आयुष्यात डॉक्टर होणाऱ्या पोराला माणूस आतून कसा मोडतो हे सांगणारी शेवटची पानं हीच असतात. त्यानंतर त्याला कुणी गोष्ट वाचायला सांगणार नाही.

ती पानंसुद्धा आपण त्याच्या हातातून काढून घेतली. बापाने फी भरून.

कला शाखेच्या पोरांचं उलटं. ती गावातच असतात, वर्गात असतात, ऐकायला तयार असतात. त्यांना इंग्रजीची भीती घातलेली असते. पहिलीपासून इंग्रजी सुरू होऊन या राज्यात पंचवीस वर्षं झाली. म्हणजे बारावीतलं पोरगं बारा वर्षं ही भाषा शिकतंय. तरी केंद्राबाहेर भिंतीवर चढून चिठ्ठ्या फेकणारे सर्वांत जास्त दिसतात ते इंग्रजीच्याच दिवशी. कॉपीमुक्त अभियान हवंच. पण बारा वर्षांनंतर पोराला चिठ्ठी का लागते, त्याचं अभियान कधी?

भीती कुठून येते, ते मी वर्गात मागे बसून पाहिलंय. सर इंग्रजी ओळ वाचतात, मग तिचं मराठी सांगतात. ते मराठी असतं पुस्तकी. 'विणकर रात्रीच्या समयी वस्त्र विणत आहेत.' भंडाऱ्याच्या खेड्यातलं पोर घरी झाडीबोली बोलतं. तिथे ण नाही, ळ नाही, समय तर नाहीच नाही. म्हणजे त्याच्यापुढे एका परक्या भाषेवर दुसरी अर्धी परकी भाषा ठेवली. दोन नद्या ओलांडायच्या आणि नाव एकच. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी आयुष्य घातलं. ही भाषा आहे, बिघडलेली मराठी नव्हे, हे पुराव्यांनिशी मांडलं. शाळेच्या दारात मात्र पोराची बोली अजूनही चपलेसारखी बाहेर काढून ठेवावी लागते.

आंधळगावच्या त्या खोलीत तीच बोली दोन मिनिटांत इंग्रजी कवितेपर्यंत पोचली होती.

अच्युत गोडबोले यांचा धडा बारावीच्या याच पुस्तकात आहे. सोलापूरचा मराठी माध्यमातला मुलगा, पुढे आयआयटी मुंबईत. तो धडा आमच्याकडे 'व्यक्तिमत्त्व विकास' म्हणून शिकवतात. मराठी माध्यमातल्या चाळीस पोरांसमोर! त्यांना फक्त एवढं सांगा की हा माणूस तुमच्यासारखाच होता. मग धडा ती स्वतः वाचतील.

२०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला. अकरावी-बारावीला इंग्रजीची सक्ती नको, असं त्यात होतं. लगेच दोन तट पडले. इंग्रजी गेली तर पोरं मागे पडतील, एक तट. राहिली तर मराठी मरेल, दुसरा. महिनाभर रणधुमाळी. त्या सगळ्या भांडणात एकाही बाजूने विचारलं नाही की त्या तासाला पोरं नेमकं वाचतात काय, आणि वाचतात का.

चांगले शिक्षक नाहीत असं मी म्हणणार नाही, म्हटलं तर ते खोटं होईल. लाखांदूरकडच्या एक बाई मला माहीत आहेत. ममंग दाईंची 'स्मॉल टाउन्स अँड रिव्हर्स' शिकवायच्या आधी त्या पोरांना वैनगंगेवर लिहून आणायला सांगतात. कुठल्याही भाषेत, दहा ओळी. एकीने पुरात गेलेल्या बैलजोडीवर लिहिलं होतं. एकाने धरणात गेलेल्या गावावर. त्याच्या आजीचं घर तिथे होतं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस दिसतो म्हणून ती अजून बघायला जाते. मग बाई कविता उघडतात. पासीघाटची ती कवयित्री आपल्या गावाबद्दल आणि आपल्या नदीबद्दल बोलू लागते, तेव्हा वर्ग तिला मध्ये थांबवून आपलं सांगतो. बाईंचा तास पोर्शनच्या मागे असतो. दरवर्षी त्यांना त्याबद्दल बोलणी बसतात.

बोलणी त्यांना. क्रॅश कोर्सवाल्याला फ्लेक्स.

भाचीची पूर्वपरीक्षा जानेवारीत झाली. पेपरात कविता आली, विणकरांचीच. ए-३, दोन गुण. या ओळींतून विणकरांचं जगणं तुला कसं दिसतं? गाईडातलं उत्तर तिला पाठ होतं. तिने ते लिहिलं नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सहा ओळी लिहिल्या. आमच्या गावाजवळचे विणकर रात्री विणत नाहीत, कारण डोळे थकतात. मेलेल्या माणसासाठी त्यांचं कापड कुणी घेत नाही. कवितेत विणकरांना काय विणता ते तीनदा विचारलंय, मजुरी किती मिळते ते एकदाही विचारलेलं नाही. म्हणून मला वाटतं, विचारणारी व्यक्ती रस्त्यावरूनच पाहत होती, घरात आली नव्हती.

दोनपैकी एक गुण मिळाला. बाजूला लाल शाईत, पाठ्यांशाबाहेरचं.

ती पेपर घेऊन मॅडमकडे गेली. मॅडम चांगल्या आहेत, चिडल्या नाहीत. ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे बघ, स्टँझामध्ये असं कुठे आहे?"

ती म्हणाली, "स्टँझामध्ये नाही, मॅडम. आंधळगावात आहे ना जी."